रुबेचा रविवार

फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेपासून जवळच, आरेनबेर्ग नावाचं जुनं खाणगाव आहे. गावाबाहेर जंगलातून एक दगडी रस्ता जातो. लांबी सव्वादोन किलोमीटरहून थोडी जास्त आणि रेघ मारल्यासारखा सरळ. दगड घडीव असले तरी एकसारखे नाहीत. कुठे एखादा बोटभर वर आलेला, कुठे शेजारचा खचलेला, पाठी पावासारख्या फुगीर आणि मधल्या फटी अशा की सायकलचं बारीक चाक सहज अडकावं. झाडांमुळे ऊन खाली पोचत नाही, दगडांवर शेवाळ धरतं, फटींतून गवत उगवतं. ते गवत काढण्यासाठी अलीकडे शर्यतीआधी तिथे शेळ्याही सोडल्या गेल्या.

एप्रिलमधल्या एका रविवारी या रस्त्यावर जगातले दीडशेच्या आसपास उत्तम सायकलपटू ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने घुसतात. तोवर त्यांनी दीडशे किलोमीटर कापलेले असतात आणि अजून शंभर उरलेले असतात. शर्यतीचं नाव पॅरिस–रुबे. पहिली १८९६ मध्ये झाली. नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून ती पॅरिसच्या उत्तरेच्या काँपिएन गावातून सुटते आणि साधारण २६० किलोमीटरवर रुबे शहरातल्या जुन्या सायकल ट्रॅकवर संपते. या अंतरात पंचावन्न किलोमीटरच्या आसपास रस्ता असा दगडी असतो, तोही सलग नव्हे, तीसेक तुकड्यांत विभागलेला. या तुकड्यांना शेवटाकडून उलटे क्रमांक दिलेले असतात आणि अवघडपणानुसार एक ते पाच तारे. आरेनबेर्गला पाच.

ही शर्यत मी वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहत आलो आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पडणारी माणसं, धूळ आणि शेवटी हात उंचावणारा विजेता, एवढंच दिसलं होतं. तीन-चार वर्षांनी लक्षात आलं की खरी शर्यत या सगळ्याच्या खाली चालू असते, आणि ती दिसू लागली की पावणेसहा तास कसे जातात कळत नाही. ती कशी पाहायची, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

सुरुवात वाऱ्यापासून करायला हवी. सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर सायकल चालवणाऱ्याची बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यातच खर्च होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट होतो आणि तो वेग टिकवायला आठपट शक्ती लागते. महामार्गावर ट्रकच्या मागे सायकल लावून चालवण्याचा जीवघेणा उद्योग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको: पुढचा हवा फोडतो, मागचा फुकट ओढला जातो. दुसऱ्या सायकलच्या मागे हातभर अंतरावर राहिलं तरी शक्तीची मोठी बचत होते, वीस-तीस टक्क्यांची तर सहजच. शंभर-दीडशे जणांच्या घोळक्याच्या पोटात, मधल्या-मागच्या रांगांत, ही बचत विश्वास बसणार नाही इतकी वाढते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. एकट्याने चालणाऱ्याला जेवढा हवेचा अडथळा होतो, त्याच्या दहा टक्क्यांहूनही कमी अडथळा आतल्या काही जागांवर होतो, असं त्यात आढळलं.

सायकल शर्यतीतलं सगळं नाट्य या एका गोष्टीतून जन्माला येतं. पुढे असणं महाग, मागे असणं स्वस्त. आणि जिंकायचं तर शेवटी पुढे यावंच लागतं. मग प्रश्न एवढाच उरतो की ही किंमत कोणी, कुठे आणि कधी मोजायची. दीडशे जण दिवसभर या प्रश्नाचं उत्तर पुढे ढकलत असतात. पडद्यावर पहिल्या क्रमांकावर कोण आहे ते पाहून म्हणूनच फारसं कळत नाही. पाहायचं ते हे, की कोण राबतो आहे आणि कोण अजून राबलेला नाही.

आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गणिताची दुसरी बाजू आठवेल. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब देतात. वेगळा अशासाठी की घाटाचा राजा पुण्यात पहिला येईलच असं नसतं. चढावर वेग कमी, म्हणून हवा कमी आणि आडोशाचा फायदाही कमी. तिथे ज्याचे पाय दमदार आणि अंग हलकं तो सुटतो. पुढे सपाटीला लागलं की मागचा घोळका आळीपाळीने हवा फोडत येतो आणि एकट्याला गिळतो.

आता एकदिवसीय शर्यतीचं वेगळेपण. टूर द फ्रान्समध्ये एकवीस टप्पे असतात आणि सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज होते. आघाडीवरचा माणूस तिथे बरेच दिवस फक्त काही गमावायचं नाही एवढंच बघतो. उद्याचा डोंगर डोक्यात ठेवून आज हात राखून चालवणं हे तिथे शहाणपण ठरतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ही याच जातीची, टप्प्यांची शर्यत. रुबेला उद्या नसतो. दुसरा आणि पन्नासावा यांत विजयाच्या दृष्टीने फरक नाही, म्हणून हरण्याची भीती बाळगून कुणाचं भागत नाही. ज्याला चौथा क्रमांक नक्की मिळणार आहे, तो पहिल्यासाठी तो चौथा उधळायला तयार असतो. माझ्या मते सगळ्या थराराचं मूळ इथे आहे.

या प्रकारातल्या सर्वांत मानाच्या पाच शर्यतींना ‘स्मारकं’ म्हणतात: इटलीतल्या मिलान–सान रेमो आणि लोम्बार्दिया, बेल्जियममधल्या फ्लँडर्स आणि लिएज–बास्तोन–लिएज, आणि फ्रान्सची रुबे. सगळ्या शंभर वर्षांहून जुन्या. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे. मिलान–सान रेमो जवळजवळ तीनशे किलोमीटरची, आणि पहिल्या अडीचशेत बहुधा सांगण्यासारखं काही घडत नाही. मग समुद्रकाठी पोज्जो नावाची छोटीशी चढण येते: ३.७ किलोमीटर, सरासरी चढ चार टक्क्यांहूनही कमी. आपल्या रोजच्या सवयीच्या सायकलवाल्यालाही चढता येईल अशी. पण पायांत साडेसहा तास साठलेले असतात, माथ्यापासून शेवट फक्त साडेपाच किलोमीटरवर असतो आणि मधला उतार वळणावळणांचा. डोंगरवाल्याला वाटतं इथेच सुटावं, वेगाच्या राजाला वाटतं कसंही करून चिकटून राहावं. दोघांनाही संधी देणारा तो नेमका चढ आहे. थोडा अधिक तीव्र असता तर एकाचीच शर्यत झाली असती.

रुबेला चढ जवळजवळ नाहीतच. तिथे डोंगराचं काम दगड करतात.

पहिले शंभर किलोमीटर साध्या डांबरी रस्त्यावरचे. याच वेळात पाच-दहा-पंधरा जणांची एक टोळी पुढे निसटते. बहुतेकांची नावं नव्या प्रेक्षकाने ऐकलेली नसतात. घोळका त्यांना जाऊ देतो, आणि नव्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो: जाऊ का देतात? तर टोळी पुढे गेली की मागच्या गोंधळाला शिस्त येते. टोळीत ज्या संघांचे गडी आहेत त्यांना मागे राबायची गरज उरत नाही. ज्यांचे नाहीत त्यांना पाठलागाचं काम अंगावर घ्यावं लागतं. एक संघ म्हणजे सात जण. त्यातला एक, फार तर दोन, जिंकण्यासाठी, बाकीचे त्यांच्यासाठी. या मदतनिसांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे शब्दशः घरगडी. नेत्यापुढे राहून हवा फोडायची, गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणायच्या, नेत्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. घरगड्याला टोळीत पाठवणं हीसुद्धा गुंतवणूक असते. आरेनबेर्गनंतर नेता मागून येऊन पोचला, की आधीच पुढे असलेला आपला माणूस तिथे मदतीला तयार मिळतो.

टोळीचं भवितव्य मोजायला एक जुना ठोकताळा आहे. रोबेर शापात नावाचे फ्रेंच समालोचक सांगत, की जोर लावलेला घोळका दर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट भरून काढतो. म्हणजे पन्नास किलोमीटर उरले असताना टोळीकडे पाच मिनिटं असतील तर सामना बरोबरीचा. पडद्यावर दोन आकडे सतत दिसतात, उरलेलं अंतर आणि वेळेतला फरक. एवढा भागाकार मनात करत राहिलात तर संथ वाटणारे दोन तासही जिवंत होतात.

आणि कधी कधी घोळक्याचं गणित साफ चुकतं. टोकियो ऑलिंपिकची महिलांची रस्ता शर्यत, २५ जुलै २०२१. अंतर १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर शर्यत सुटताक्षणी चार जणींसह निसटली. ती गणितातली डॉक्टरेट. त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघात नव्हती. घोळक्यात नेदरलँड्सच्या चार जगप्रसिद्ध खेळाडू होत्या. ऑलिंपिकमध्ये संघाच्या गाडीशी बोलण्यासाठीच्या कानातल्या रेडिओला परवानगी नसते. टोळीची आघाडी दहा मिनिटांपर्यंत गेली. शेवटचे चाळीसेक किलोमीटर उरले असताना कीसेनहोफरने सोबत उरलेल्या दोघींनाही सोडलं आणि एकटी निघाली. त्या दोघींना मागच्यांनी गाठलं, तेव्हा पुढे आता कुणी नाही असा मागच्यांचा समज झाला. नेदरलँड्सची आनेमीक वान व्ल्यूटेन सव्वा मिनिटाने शेवटची रेषा ओलांडताना हात पसरून आनंद साजरा करत होती. सुवर्ण आपलं नाही, हे तिला नंतर कळलं. शर्यतीतला सर्वांत मोठा आश्चर्याचा क्षण सर्वांत बलवान संघाच्या डोळ्यांआड घडला होता.

परत रुबेकडे. पहिला दगडी तुकडा जवळ येऊ लागला की चित्र बदलतं, आणि माझ्या लेखी हा दिवसातला सर्वांत दुर्लक्षित पण पाहण्याजोगा भाग. पाच-सहा मीटर रुंद रस्त्यावरून पुढे तीन मीटरच्या शेतरस्त्यात शिरायचं आहे. दगडांवर एक जण पडला की मागचे सगळे अडकतात. म्हणून दीडशे जणांना एकाच वेळी पहिल्या वीसांत असायचं असतं. कुणी खांद्याने रेटतो, कुणी गवतावरून पुढे काढतो. दगडी तुकड्याच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर एखाद्या स्प्रिंटसारखे जातात. फक्त इथे बक्षीस काही नसतं, नुसती जागा मिळते. घरगडी आपला सगळा दिवस या काही मिनिटांवर ओतून बाजूला होतात. हेलिकॉप्टरवरून दिसणारं दृश्य नीट पाहिलंत तर एकाच रंगाच्या जर्सींची रांग कडेने पुढे सरकताना दिसेल. शेवटून दुसरा किंवा तिसरा माणूस तो नेता. त्याच्या पुढचा एकेक गडी गळून पडतो, आणि तो मात्र पहिल्या दहात, वाऱ्याला तोंड न देता, दगडांवर पोचतो.

दगडांवर पोचल्यावर काय होतं? आधी आवाज. साखळी, चाकं, बाटल्या सगळं एकदम खडखडायला लागतं. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, पकड सैल. घट्ट धरलं तर धक्के थेट खांद्यात जातात आणि चाक आपला मार्ग शोधू शकत नाही. गिअर जड, म्हणजे पाय सावकाश पण जोराने फिरतात आणि वजन पेडलवर राहून सीटवर कमी येतं. वेग कमी केला तर सायकल प्रत्येक दगडावर अडखळते. जास्त ठेवला तर ती दगडांच्या माथ्यांवरून जणू तरंगत जाते. म्हणून घाबरून हळू जाणाऱ्याला इथे उलट शिक्षा जास्त. कोरडं असेल तर रस्त्याचा मधला उंचवटा बरा. दोन्ही कडांना मातीची पट्टी असते, तिच्यावरून जाणं सोपं, पण तिथेच अणकुचीदार खडे असतात आणि तिथेच टायर फाटतात. हल्ली तीस मिलिमीटरहून रुंद टायर, कमी हवा भरून वापरतात. पूर्वी याहून बारीक असत. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी संघाची माणसं हातात सुटी चाकं धरून उभी असतात, कारण मागची गाडी गर्दीत अडकली तर पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, आणि दोन मिनिटांत शर्यत संपते.

आरेनबेर्गचा रस्ता १९६८ मध्ये शर्यतीत आला. तो सुचवला जाँ स्ताब्लिन्स्की या माजी विश्वविजेत्याने. पोलिश स्थलांतरितांचा हा मुलगा कोवळ्या वयात तिथल्या कोळशाच्या खाणीत काम करत होता. ज्या दगडांवरून शर्यत जाते, त्यांच्या खाली तो राबला होता. १९८९ मध्ये खाण बंद पडली. जंगलाच्या तोंडाशी तिचे उंच लोखंडी मनोरे अजून उभे आहेत आणि दरवर्षी हेलिकॉप्टरचा कॅमेरा त्यांच्यावरून फिरत जंगलात उतरतो. ही शर्यत ‘उत्तरेतला नरक’ म्हणून ओळखली जाते, त्याचं मूळ मात्र दगडांत नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये रस्ता पाहायला गेलेल्या लोकांना वाटेत उद्ध्वस्त गावं आणि तोफगोळ्यांनी खणलेली जमीन दिसली, तेव्हा हे नाव पडलं. पुढे सगळीकडे डांबर आलं, दगडी रस्ते नाहीसे व्हायला लागले. आज ते टिकून आहेत ते स्थानिक स्वयंसेवकांच्या एका संस्थेमुळे. १९८० च्या दशकापासून ही माणसं दरवर्षी निखळलेले दगड पुन्हा बसवतात. खराब रस्ता खराबच, पण चालण्याजोगा राखण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते.

दैवाचा भाग इथे मोठा, हे कबूल करायला हवं. काही जणांना तेच खटकतं. २०२३ मध्ये बेल्जियमचा वाउट वान आर्ट कार्फूर द लार्ब्र या शेवटच्या पाच-तारा तुकड्यावर नेदरलँड्सच्या मात्यू वान देर पूलच्या बरोबरीने आघाडीवर होता. तिथे त्याचं चाक पंक्चर झालं आणि विजय हातचा गेला. २०२५ मध्ये ताडेय पोगाचार पहिल्यांदाच रुबेला आला. टूर द फ्रान्सचा विजेता, अंगाने हलका, दगडांवर त्याचं काय होणार असं सगळे म्हणत होते. अडतीसेक किलोमीटर उरले असताना तो आणि वान देर पूल दोघंच पुढे होते. एका वळणावर पोगाचारचा वेग जास्त झाला, सायकल कडेच्या अडथळ्यांवर गेली, तो पडला. वीसेक सेकंदांचं अंतर पडलं आणि ते पुन्हा मिटलं नाही. वान देर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. या दोन घटनांत फरक आहे. पंक्चर हे दैव. वळण चुकणं ही पाच तास ताणलेल्या लक्षाची एका सेकंदाची चूक. पाहता पाहता हा फरक ओळखता येऊ लागतो. आणि तरीही तीच ती माणसं वर्षानुवर्षं पहिल्या दहात दिसतात, त्यावरून दैवाचा वाटा किती आणि कसबाचा किती याचा अंदाज येतो.

पावसाने सगळंच पालटतं. २००२ नंतर जवळपास दोन दशकं रुबे कोरडी गेली. २०२१ ला महासाथीमुळे शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली आणि चिखल आला. त्या दिवशी पहिले तिघं, सोनी कोल्ब्रेली, फ्लोरियाँ वेर्मीर्श आणि वान देर पूल, आयुष्यात पहिल्यांदा रुबे धावत होते. चेहरे ओळखू येत नव्हते. आदल्याच दिवशी महिलांची पहिली पॅरिस–रुबे झाली होती. लिझी डीग्ननने ऐंशीहून अधिक किलोमीटर एकटीने काढले, आणि तिच्या हँडलबारवर हातांचं रक्त लागलेलं होतं.

शेवटच्या टप्प्यात दीडशेचे पाच-सहा उरतात. इथून पुढे शर्यत पायांपेक्षा डोक्याने खेळली जाते. पाचांना मिळून मागच्यांना दूर ठेवायचं आहे, म्हणून आळीपाळीने पुढे येऊन हवा फोडायला हवी. पण जो जास्त फोडेल तो शेवटी कमी पडेल. सगळ्यांनी काम केलं तर पाचांतला एक जिंकेल. कुणीच केलं नाही तर सहावा मागून येऊन जिंकेल. ज्याची शेवटची झेप कमजोर, त्याला आधीच पळून जावं लागतं. ज्याची बलवान, तो सगळ्यांना एकत्र ठेवू पाहतो. प्रत्येकाला शर्यतीचा निकाल वेगळ्या जागी लागायला हवा असतो. कोण मान वळवून मागे बघतो, कोण कोपर हलवून ‘आता तू पुढे ये’ म्हणतो, कोण ती खूण न दिसल्याचं दाखवतो, हे इथे नजर ठेवून पाहावं.

३ एप्रिल २०२२ च्या फ्लँडर्स शर्यतीचा शेवट याचा वस्तुपाठ आहे. वान देर पूल आणि पोगाचार दोघंच पुढे. पोगाचारने चढांवर पुन्हा पुन्हा जोर लावला, वान देर पूल सुटला नाही. शेवटच्या सरळ रस्त्यावर वान देर पूल पुढे होता आणि त्याने वेग जवळजवळ मोडला. मागे राहिलेल्याला आडोसा मिळतो, म्हणून पोगाचारही पुढे येईना. दोघं एकमेकांकडे पाहत संथ चालले असताना मागून डिलन वान बार्ले आणि वालाँताँ मादुआस पूर्ण वेगात पोचले. वान देर पूलने नेमक्या क्षणी झेप घेतली. पोगाचार मधे कोंडला गेला, बाहेर पडायला वाटच उरली नाही. काही सेकंदांपूर्वी ज्याला दुसरा क्रमांक नक्की होता, तो चौथा आला. हवेत हात झटकत.

आणि आता मला सर्वांत आवडणारी शर्यत, १० एप्रिल २०१६ ची रुबे. बेल्जियमचा टॉम बोनन चार वेळा जिंकलेला. पाचवा विजय मिळाला असता तर विक्रम झाला असता. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन सदतीस वर्षांचा, कारकीर्दभर दुसऱ्यांसाठी हवा फोडलेला घरगडी. फेब्रुवारीअखेरच्या एका शर्यतीत पडून त्याच्या हाताचं हाड मोडलं होतं. रस्त्यावर जाता येईना म्हणून त्याने घरात स्थिर सायकलवर सराव केला आणि रुबेला हजर झाला. दिवसाच्या पहिल्या भागातच तो सोळा जणांच्या टोळीतून पुढे गेला. मागे घोळक्यात पडापड झाली, कान्चेलारा आणि सागान हे दोन मोठे दावेदार मागे अडकले; बोननचा गट पुढे सरकला आणि यथावकाश टोळीला येऊन मिळाला. टोळीतले बहुतेक गळाले. हेमन गळाला नाही.

शेवटी पाच उरले: बोनन, हेमन, इयन स्टॅनार्ड, सेप वानमार्क, एडवाल्ड बोआसन हागेन. शेवटच्या किलोमीटरांत हल्ल्यांमागून हल्ले झाले. एक निसटायचा, बाकीचे धापा टाकत त्याला गाठायचे, क्षणभर कुणी काही करायचं नाही आणि दुसरा निसटायचा. रुबेचा ट्रॅक पाचशे मीटरचा, काँक्रीटचा, वळणांवर तिरका. खेळाडू आत आले की दीड फेरी मारायची, त्यामुळे प्रेक्षकांना शेवटचे साडेसातशे मीटर एका नजरेत दिसतात. हेमन आणि बोनन आधी आत आले, बाकीचे मागून भिडले. सगळ्यांना वाटलं बोनन आता हेमनच्या आडोशातून बाहेर पडून पुढे जाईल. हेमनने कुणी अपेक्षा केली नव्हती तेवढ्या लवकर, समोरून, झेप सुरू केली. बोनन त्याच्या बाजूला येऊ शकला नाही. अडीचशे किलोमीटरनंतर, मोडून जुळलेल्या हाताने, हेमन पहिला आला. रेषेपलीकडे त्याच्या चेहऱ्यावर आनंदाआधी अविश्वास होता. आपण काय केलं, हे त्याला कळायला वेळ लागला.

तो का जिंकला, याचं उत्तर वरच्या सगळ्यात विखुरलेलं आहे. टोळीत आधी गेल्यामुळे तो पडापडीतून वाचला. त्याच्यावर कुणाची नजर नव्हती, म्हणून प्रत्येक हल्ल्याला उत्तर देण्याची जबाबदारी बोननवर पडली, त्याच्यावर नाही. आणि पंधराव्यांदा रुबे धावताना कुठला दगड कुठे आहे, हे त्याला पाठ होतं.

विजेत्याला बक्षीस म्हणून याच रस्त्यातला एक घडीव दगड चौथऱ्यावर बसवून देतात. ट्रॅकशेजारी अंघोळीच्या जुन्या खोल्या आहेत, काँक्रीटच्या आडोशांच्या. प्रत्येक आडोशावर एका विजेत्याच्या नावाची पट्टी आहे.

पहिल्यांदा पाहणार असाल तर सबंध दिवस बसायची गरज नाही. शर्यत आपल्याकडच्या दुपारी सुटते आणि रात्री आठ-साडेआठच्या सुमारास संपते. सुरुवातीला टोळीत कोण गेलं तेवढं बघून ठेवा. मग एखादा अनोळखी घरगडी निवडा, त्याची जर्सी लक्षात ठेवा आणि तो कुणासाठी राबतो आहे ते शोधा. आरेनबेर्गचं जंगल शेवटून साधारण शंभराव्या किलोमीटरच्या आसपास येतं. त्याच्या अर्धा तास आधी टीव्हीसमोर या, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.